केळीच्या पिकअपमध्ये माझी मोटरसायकल

माझ्या मोटरसायकलला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. नवऱ्यालाही नाही. तो बिचारा पार्किंगमधून आपली स्कूटर काढताना माझ्या आरशाला कोपर लागू नये म्हणून पोट आत घेऊन जातो. शेजारच्या काकू त्याला एकदा म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा गाडीचा मान मोठा दिसतो हो." तर हा हसत म्हणतो, "मोठा नाही काकू, पहिला." मी ते वरून ऐकलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

गाडी लांब पल्ल्याची आहे. गर्द हिरवी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे उंच काच. मी सोलापुरात एका शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईंनी पांढरी स्कूटी चालवावी, फार तर निळी, अशी लोकांची अपेक्षा असते. पालकसभेला मी हेल्मेट काखेत मारून वर्गात शिरले की काही वडील उगाचच उभे राहतात. या गाडीवर मी हंपीला गेले, कच्छला गेले, हिमाचलात जाऊन आले. डाव्या पेटीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, उजव्या पेटीत हत्यारं. बाहेरच्या राज्यातले लोक कडक भाकरी हातात घेऊन आधी वाजवून बघतात. एकदा चटणीबरोबर खाल्ली की मात्र पेटीभोवतीच घुटमळत राहतात.

देखभाल मी स्वतः करते. हे माझ्या माहेरातून आलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, मागाच्या खडखडाटात वाढलेले. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघायचे. सकाळी माग सुरू करण्याआधी ते प्रत्येक मागावरून तळहात फिरवायचे. कुठे नट सैल आहे, कुठे धूळ बसली आहे, ते हाताला कळतं, डोळ्यांना उशिरा कळतं, असं त्यांचं मत. मी दर रविवारी ऊन चढायच्या आत तेच करते. चेन पुसायची, तेल द्यायचं, अंगठ्याने दाबून ढील बघायची. टायरची हवा गार असतानाच मोजायची, कारण सोलापूरच्या उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या टायरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. ब्रेकचे पॅड, केबली, दिवे, एकेक नट. सर्व्हिस सेंटरातला मुख्य मेकॅनिक मला बघितलं की आधीच सांगतो, "मॅडम, तुम्ही बसा, मी तुमच्यासमोरच करतो." त्याला वाटतं मी संशयी आहे. आहेच.

आणि गाडी चालवण्याइतकीच ती वाहून न्यायची कशी, हेही मला कळतं. हिमाचलातून परतताना सुट्टी संपत आली होती म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी गाड्या ट्रकने पाठवल्या होत्या. ट्रकवाल्याने गाड्या साइड स्टँडवर टेकवल्या, वरून एक दोरखंड फिरवला आणि "कुछ नहीं होगा" म्हणाला. मी त्याच्याशी भांडून माझी गाडी पुन्हा बांधून घेतली. बाकी तिघी मला हसल्या. ट्रक उघडला तेव्हा त्यांच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या होत्या आणि माझी एकटी सरळ उभी होती. तेव्हापासून रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, चार पट्टे माझ्या पेटीत कायम असतात, आणि त्या तिघींच्याही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की अशी मी, मागच्या हिवाळ्यात पडले. घाटात नाही, कच्छच्या रणात नाही. सासरच्या पाटाच्या रस्त्यावर.

सासर उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. ऊस, केळी, पाण्यात सोडलेले मोटारींचे पाईप. धाकट्या दिरांच्या मुलाचं जावळ होतं. नवरा आदल्या दिवशीच एसटीने गेला होता, मी शाळा करून गाडीवर निघाले. गावाच्या अलीकडे पाटाच्या कडेने रस्ता जातो. कुणाच्या तरी केळीच्या बागेतलं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं. काळी माती भिजली की काय होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गाडी अगदी सावकाश होती, पुढचं चाक गेलं आणि मी डाव्या हातावर आले. जॅकेट, हातमोजे, हेल्मेट, गुडघ्याची ढाल, सगळं अंगावर होतं, म्हणून मनगटावर निभावलं. दीर जवळच्याच बागेत होते, ते धावत आले. मी म्हटलं, "भाऊजी, आधी गाडी उभी करा."

"वैनी, आदी तुमी उटा की!"

"पेट्रोल सांडेल. आधी गाडी."

त्यांनी गाडी उभी केली. इंजिनाच्या गार्डने सगळा भार घेतला होता. क्लचचा दांडा वाकला आणि पेटीवर एक ओरखडा, एवढंच. टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी माझ्या हाताला प्लास्टर घातलं.

जावळ झालं, जेवणं झाली आणि मग पाहुण्यांनी मला धरलं. आता बास झालं. शिक्षिकेला शोभत नाही. नशीब म्हणून हातावर निभावलं. गाडी विकून टाक. नवरा माझ्या प्लास्टरकडे ज्या नजरेने बघत होता ती मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जड गेली. पाहुण्यांना मी पुरून उरले असते. नवऱ्यालाही समजावलं असतं. मला भीती होती ती एकाच माणसाची, माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते.

आबांची भीती म्हणजे त्यांच्या रागाची नाही. आमचं लग्न आम्हीच जमवलेलं. हे बागायतदार, आम्ही मागावाले. हे मराठी, आम्ही घरात तेलुगू. आबांनी लग्नाला विरोध केला नाही, अक्षता टाकल्या, पण त्या दिवसापासून माझ्यावर कसलाही हक्क सांगितला नाही. धाकट्या जावेला ते हाक मारून पाणी मागतात, तंबाखूची डबी मागतात, उगाच रागावतात. मला कधी तांब्याभर पाणीसुद्धा मागितलं नाही. मी दिलं तर घेतात. गाडी घेतली तेव्हाही काही बोलले नाहीत. मी गाडीवर गावात आले की नेमके बागेत निघून गेलेले असायचे. इतक्या वर्षांत ज्या माणसाने माझ्याकडे काहीच मागितलं नाही, त्याने जर आता म्हटलं असतं की पोरी, गाडी वीक, तर मला नाही म्हणता आलं नसतं. मी स्वतःला ओळखते. मी विकली असती. आणि त्या संध्याकाळी आबा ओसरीवर बसून सगळ्यांचं ऐकत होते आणि तंबाखू मळत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी सोलापूरला न्यायची होती. नवऱ्याला एवढं धूड आवरत नाही आणि ते तो मोकळेपणाने सांगतो. दिरांची केळी वाहायची पिकअप होती, त्यात गाडी न्यायचं ठरलं. औषधाने मला जरा उशिरापर्यंत झोप लागली. उठून अंगणात आले तर गाडी पिकअपमध्ये चढवलेली.

माझ्या गाडीला हात लावलेला मला खपत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण जे दिसलं ते मी आधी पिकअपभोवती फिरून बघितलं. आबांनी पिकअपमध्ये केळीच्या वाळक्या पाल्याचा गुडघाभर थर केला होता. त्यावर वाकळ. वाकळेवर साइड स्टँडवर टेकवलेली माझी गाडी. आणि तिच्या चारी बाजूंनी पाला, फोमच्या शीट, जुनी गोधडी, घरातल्या दोन उशा. हँडलच्या दोन्ही टोकांना फोम गुंडाळलेला. आरशांना टॉवेल. दोर मात्र एकही नाही. आबा घामाघूम होऊन खाली उभे होते आणि जमलेले पाहुणे वाहवा करत होते.

केळी अशीच नेतात. केळीला दोर लावला की वळ उठतो, वळ उठला की माल काळा पडतो, म्हणून केळीवाला कशालाच आवळत नाही, सगळं मऊ रचतो. आबांनी जन्मभर हेच केलं. माझ्या गाडीला त्यांनी पहिल्या प्रतीच्या मालासारखं ठेवलं होतं. ते कळलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पण गाडी तशी नेली असती तर पहिल्याच खड्ड्याला स्टँड पाल्यात रुतून ती आडवी झाली असती. वर टाकीत पेट्रोल आणि खाली वाळका पाला.

आता बोलायचं कसं? वीस माणसांसमोर, ज्याच्या एका शब्दावर माझी गाडी राहणार की जाणार ते ठरणार होतं, त्याच माणसाला सांगायचं की तुम्ही सकाळपासून केलेलं सगळं काढा. नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. दीर म्हणाले, "वैनी, सावकाश घिऊन जातो की."

मी म्हटलं, "आबा, हे सगळं काढावं लागेल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "का?"

"केळी सैल ठेवतात. ही सैल ठेवली तर पडते. तुम्हीच हलवून बघा."

आबा चाकावर पाय देऊन वर चढले. त्यांनी सीटला हात लावून जरा रेटा दिला. गाडी एकदम डुलली आणि एक उशी खाली पडली. त्यांनी दुसऱ्या बाजूने रेटा दिला. स्टँड पाल्यात शिरला आणि गाडी कलायला लागली, तशी त्यांनी ती खांद्याने धरली. दीर मदतीला वर गेले. पाहुण्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "म्हाताऱ्याची मेहनत पाण्यात."

आबा तिकडे न बघता मला म्हणाले, "मंग कशी बांदायची? सांग."

सगळं उपसून काढलं. पिकअप झाडून घेतली. मी खाली उभी राहून सांगत होते आणि एक हात गळ्यात असल्यामुळे दुसऱ्याने हवेत दाखवत होते. पुढचं चाक पुढच्या पत्र्याला अगदी मधोमध टेकवायचं. पहिला गिअर टाकायचा. दोघांनी दोन्ही बाजूंनी सरळ धरायची आणि स्टँड वर घ्यायचा. स्टँड वर घ्यायचा म्हटल्यावर आबांना पटेना. "येकुलता येक पाय तिचा, त्योबी काडायचा?" मी म्हटलं, पाय नको, चारी बाजूंनी ताण पाहिजे. मग पट्टे. पुढचे दोन हँडलच्या खालून, दोन कोपऱ्यांच्या कड्यांना. एकदा या बाजूचा थोडा आवळायचा, एकदा त्या बाजूचा, म्हणजे गाडी मधून हलत नाही. पुढचे शॉकअप निम्मे दाबले जाईपर्यंत आवळायचं. पूर्ण दाबले तर आतलं ऑइल सील जातं आणि कमी दाबले तर खड्ड्यात पट्टा ढिला पडतो.

"निम्मं म्हंजे हितपर?" आबा बोट लावून विचारत होते.

"अजून थोडं. बास. आता मागचे दोन."

मागचा पट्टा लावताना ते थांबले. "रंगाला घासंल की ह्यो." त्यांनी टाकलेल्या फोममधला एक तुकडा उचलला, पट्ट्याखाली जिथे जिथे रंगाचा भाग येत होता तिथे सरकवला, पुन्हा बोटाने चाचपला. मग गाडीला रेटा दिला. या वेळी गाडीबरोबर अख्खी पिकअप हलली. आबा तोंडातल्या तोंडात "हां" म्हणाले आणि खाली उतरले.

तेवढ्यावर थांबावं, तर म्हणाले, "म्या मागं बसतो, गाडीजवळ."

"मागे कुणी बसणार नाही, आबा. माल वाहायच्या गाडीत माणूस नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. एका सकाळी दोनदा आबांना नाही म्हणणारी त्या घरात तोवर कुणी झाली नव्हती. आबा निमूट पुढे येऊन बसले. दीर चालवायला, आबा मध्ये, मी खिडकीशी, मांडीवर हेल्मेट. नवरा एसटीने येणार होता. आबांनी यायचं काही कारण नव्हतं. ते का येताहेत हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी मनाशी समजून चालले, की वाटेत, पाहुणे नसताना, ते मला गाडी विकायला सांगणार आहेत.

टेंभुर्णी आली. हायवेला लागायच्या आधी मी पिकअप थांबवायला लावली, कारण पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतात आणि मग थोडे ढिले पडतात. आबा न सांगता उतरले, वर चढले, चारही पट्टे ओढून बघितले, एक किंचित आवळला. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. दीर हॉर्न वाजवत वाट काढत होते आणि आबा सारखे मान वळवून मागच्या काचेतून गाडीकडे बघत होते. माझ्यापेक्षा जास्त वेळा.

मोडनिंबला चहाला थांबलो. टपरीवरचा एक माणूस पिकअपला फेरी मारून आला. "आबा, गाडी पोराची व्हय?"

"सुनेची. पोराला स्कूटर हाय."

त्याने माझ्या प्लास्टरकडे बघितलं. "आन हात?"

"हिच्यावरनंच पडली."

"मंग आता इकणार आसाल. हाय का काय इचार? माझा मेव्हणा घील."

आबांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी ठेवली आणि टपरीवाल्याला विचारलं, "हितं हवा भरायचं कुटं हाय?" पिकअपची हवा त्यांनी बघून घेतली.

मोहोळच्या अलीकडे एका झाडाखाली मी पुन्हा थांबायला सांगितलं. आबा वर चढले, पट्टे बघितले, फोमचे तुकडे जागेवर आहेत का बघितलं, उतरले. पण गाडीत येऊन बसले नाहीत. माझ्या खिडकीशी उभे राहिले. दीर पलीकडे तोंड धूत होते.

"सूनबाई, तुला येक मागायचं हाय."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडे काही मागत होता, आणि मी अशा मागण्याची इतकी वर्षं वाट बघितली होती, हे मला त्या क्षणी कळलं. मी मनातल्या मनात गाडी विकून मोकळी झाले. हंपी झालं, कच्छ झालं, पुष्कळ झालं. हेल्मेट काखेत धरून मी दार उघडलं आणि खाली उतरले. बसून ऐकायचं नव्हतं.

"मागा, आबा."

ते जरा घुटमळले. "नातेपुत्याला माजी थोरली भन हाय. तुला ठावं हाय. तिला म्या समदं सांगतो. तू कुटं कुटं जाती ते. कच्चला गेलीस तवा रोज पोराला फोन करून इचारायचो, आज कुटं पोचली, आन मंग तिला सांगायचो. तिच्या आळीतल्या बायकांना खोटं वाटतं. म्हनत्यात, म्हातारा फेकतोय." ते थांबले. "हात बरा झाला की मला मागं बसवून तिच्या दारात न्हेशील का? येकदा."

मला रडू आलं. ते लपवायला मला रागावण्याशिवाय काही सुचत नाही, ते वर्गातल्या पोरांनाही माहीत आहे. मी आवाज चढवून म्हटलं, "हेल्मेट घालावं लागेल. माझ्या गाडीवर हेल्मेटशिवाय कुणी बसत नाही."

"घालतो की. टोपीवर?"

"टोपी काढून."

आबा टोपी फक्त निजताना काढतात. लग्नात, मयतीला, बागेत, देवळात, मी त्यांचं उघडं डोकं कधीच बघितलेलं नव्हतं. सुनेसमोर तर ते काढतच नाहीत. दीर तोंड पुसत आले होते, ते टॉवेल हातात धरून तिथेच थबकले. हायवेवरून एक लग्नाची बस आणि दोन ट्रॉल्या गेल्या.

आबांनी टोपी काढली. तिची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, पांढऱ्या विरळ केसांवरून एकदा हात फिरवला आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले.

"दे हिकडं," ते म्हणाले. "बसतं का बगू."